आणखी एक वाटी

त्या हॉटेलांच्या साखळीच्या बत्तीस शाखा होत्या आणि बत्तीसही ठिकाणी त्याला चवसाहेब म्हणत. कागदावरचा हुद्दा चांगला लांबलचक होता, पण पगारपत्रकाबाहेर तो कुणी कधी उच्चारला नाही. काम एकच. महिन्यातून एकदा प्रत्येक शाखेत जायचं, ठरलेले पदार्थ चाखायचे आणि ते मूळ चवीला धरून आहेत की नाही ते लिहून द्यायचं. लोक म्हणायचे, चैन आहे बुवा, फुकटात हादडायचं आणि वर पगार. त्यांनी एकदा एका दिवसात चार शाखांतली तळलेली कोंबडी ओळीने खाऊन बघावी, म्हणजे चैन कशाशी खातात ते कळेल. पण चवसाहेबाला खरंच चैन वाटायची. खाणं हे त्याचं काम होतं, छंद होता आणि दुसरं काही सुचत नसेल तेव्हाचा विरंगुळाही तोच होता.

ज्या म्हाताऱ्या मालकांनी पहिली शाखा काढली ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचे दोन नियम कंपनीने टिकवले होते. पहिला असा, की चाखणाऱ्याने सकाळपासून पोटात काही न घालता यायचं. पोट भरलेल्या माणसाचं मत त्यांना नको होतं. दुसरा नियम कागदाच्या तळाशी छापलेला होता. रंग, दाटपणा, मीठ, गोडी हे रकाने भरून झाले की शेवटी एक प्रश्न यायचा: आणखी एक वाटी घ्यावीशी वाटली का? दहातले चार गुण या एकट्या प्रश्नाला. चवसाहेबाने एकवीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर अगदी खरं दिलं होतं. त्याची जीभ कुणाची भीडभाड ठेवत नाही असा त्याचा लौकिक होता, आणि खोटं कशाला बोला, त्या लौकिकाचा त्याला चांगलाच तोरा होता.

मग वजन एकशे एकवीस किलो झालं. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबून भिंतीवरची आगीच्या वेळी काय करावे ही सूचना वाचायची त्याला सवय लागली. ती सूचना त्याला तोंडपाठ झाली तेव्हा बायकोच्या लक्षात आलं की हा वाचत नाही, धापा टाकतोय. तिने हाताला धरून त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी रक्ताचे कागद पाहिले, साखर पाहिली, गुडघे दाबून पाहिले आणि आठवड्यातून एकदा पोटात टोचून घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं. पेनासारखं असतं ते, कळतसुद्धा नाही. भूक कमी होईल म्हणाले.

कमी कसली, भूक घर सोडून निघून गेली. तिसऱ्या आठवड्यापासून चवसाहेबाच्या पोटात सकाळी, दुपारी, संध्याकाळी एकच भावना असायची: नको. दोन घास खाल्ले की तिसरा घशाशी येऊन उभा राहायचा. तळणीचा वास आला की पोटात ढवळायचं आणि आंबट ढेकर सुरू व्हायचे. मांस चावताना रबर चावल्यासारखं वाटायचं. शाखेत गेला की लोक समोर थाळ्या मांडून आशेने बघत उभे राहायचे आणि हा मनात देवाचा धावा करत चमचा उचलायचा.

तिकडे पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागत होती. गल्ल्यावरच्या मुली म्हणायच्या, साहेब, दहा वर्षांनी तरुण दिसताय, रहस्य काय. तो हसायचा आणि सांगायचा की सकाळी चालायला जातो. औषधाबद्दल त्याने कंपनीत कुणालाही सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? ज्याच्या हुद्द्याचा पहिला नियमच उपाशी यायचा आहे, त्याने भूक म्हणजे काय हेच विसरलो असं सांगितलं तर उद्यापासून येऊ नका म्हणतील. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. मग काय, तो आठवणीवर गुण द्यायला लागला. मागच्या वर्षीचा कागद बघायचा, त्यात थोडं इकडेतिकडे करायचं आणि शेवटच्या प्रश्नापुढे ‘हो’ लिहून टाकायचं. सूप तर बहुतेक शाखांत मुख्य स्वयंपाकघरातून पाकिटातच यायचं. पाकिटाच्या सुपात चाखायचं ते काय, नीट गरम केलंय की कोमटच पुढे केलंय, एवढंच. कुणाला काही कळलं नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्याने खोटं लिहिलं होतं आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं.

पण चार शाखा अशा होत्या जिथे अजून पातेल्यात सूप शिजायचं. त्यातली एक टपाल कचेरीसमोरची, आणि तिथे मावशी होत्या.

मावशी साठीला आलेल्या, बुटक्या, बोलायला तिखट. सकाळी सातला येऊन पाच किलो कांदे उभे, पातळ चिरायच्या. रुंद बुडाच्या पातेल्यात लोणी घालून मंद आचेवर तासाच्या वर हलवत बसायच्या. आच वाढवली की कांदा वरून लाल आणि आतून कच्चा राहतो, असं त्या नव्या वाढप्यांना ऐकवायच्या, जणू तो त्या बिचाऱ्यांचाच अपराध आहे. कांदा विरघळून पावाच्या कडेसारखा तांबूस झाला की हाडांचं पाणी, मग आणखी एक तास, आणि मीठ अगदी शेवटी. मापं नाहीत, घड्याळ नाही. वास पार टपाल कचेरीच्या रांगेपर्यंत जायचा आणि रांगेतली माणसं पत्र टाकून सरळ इकडे यायची.

एकोणीस वर्षं चवसाहेब त्यांचं सूप चाखत होता आणि एकोणीस वर्षं शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहायच्या आधीच त्याने दुसरी वाटी मागितलेली असायची. ती वाटी कामाची नसायची. ती तो आत स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या, मावशींची गुडघ्यांबद्दलची गाऱ्हाणी ऐकत प्यायचा. दोघांत यापलीकडे काही नव्हतं. मावशींच्या नवऱ्याला त्याने कधी पाहिलं नाही, मावशींनी याच्या बायकोला. पण महिन्यातल्या त्या पंधरा मिनिटांची दोघंही वाट बघायची.

औषध सुरू झाल्यावर चवसाहेबाने मनात एक आशा जपून ठेवली होती. पाकिटं आणि तळणं नकोसं होतं यात नवल ते काय, त्याने स्वतःची समजूत घातली. मावशींच्या सुपाची गोष्ट निराळी. तिथे गेलो की भूक झक मारत परत येईल. त्या महिन्यात तो टपाल कचेरीसमोर उतरला तेव्हा जवळजवळ पळतच आत गेला.

वाटी समोर आली. पहिला चमचा घेतला. काहीच नाही. कोमट पाणी आणि त्यात कांद्याचे धागे. दुसरा, तिसरा. पोटातून तेच उत्तर आलं: नको.

आता शहाण्या माणसाने इथे काय समजावं? जग बेचव झालंय तर आपल्या तोंडात काहीतरी बिघडलंय, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण चवसाहेबाला ते कळलं नाही, कारण त्याला ते कळायला नको होतं. एकोणीस वर्षं जे सूप त्याला हमखास हवंसं वाटलं ते आज वाटत नाही, म्हणजे सूपच बिघडलं असणार. नाहीतर आपलं सगळंच संपलं की. त्याला आपला अपमान झाल्यासारखं वाटलं, चक्क राग आला. मावशींचं वय झालं, हात ढिला पडला, असं तो मनाशी म्हणाला. बाकी सगळ्या शाखांना आठवणीवर गुण वाटणाऱ्या या माणसाने नेमक्या मावशींच्याच कागदावर प्रामाणिक व्हायचं ठरवलं. त्याने लिहिलं: गोडी कमी. मीठ कमी. अंगात जोर नाही. कांदा आणखी भाजायला हवा. शेवटच्या प्रश्नापुढे: नाही. एकूण चार गुण.

बाहेर पडताना त्याची मान ताठ होती. आपल्या माणसालाही आपण सूट दिली नाही, याचं त्याला कौतुक वाटत होतं. दुसरी वाटी न मागता तो गेला, आणि आतून मावशी बघत राहिल्या.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याने पुन्हा तेच शेरे लिहिले, एक गुण वाढवला, कागद दुपारीच मुख्य कचेरीत पाठवून दिला. कंपनीचा रिवाज असा होता की सलग दोनदा सातच्या खाली गुण आले तर तिसऱ्या खेपेला कचेरीतलं कुणीतरी बरोबर यायचं. त्या खेपेला दोघांचे गुण मिळून सरासरी सातच्या खाली गेली तर त्या शाखेचं पातेलं बंद, दुसऱ्या दिवसापासून पाकिटं, आणि आचाऱ्याला निरोप. आणखी एक रिवाज होता: शेऱ्यांची प्रत आचाऱ्याच्या चुलीवर भिंतीला चिकटवायची, आणि तिसरी चाखणी होईपर्यंत चाखणाऱ्याने आचाऱ्याशी बोलायचं नाही. संगनमत होऊ नये म्हणून.

त्याच दिवशी संध्याकाळी बायको हातात पिशवी घेऊन घरी आली. टपाल कचेरीत काम होतं, तर म्हटलं तुमच्या त्या मावशींचं सूप घेऊन यावं, इतकी वर्षं नुसतं ऐकतेय. हल्ली ती दोघांचा स्वयंपाक करायची आणि पाऊण माणसाचा टाकायची. आज तिने त्याच्यापुढे अर्धी वाटी ठेवली, स्वतः भरून घेतली आणि पाव बुडवून खायला लागली. दोन घास झाल्यावर बोलायची थांबली. वाटी संपली. मग त्याची अर्धी वाटी तिने आपल्याकडे ओढली.

“गोडी कशी वाटते?” त्याने विचारलं.

“आहे की. कांद्याची आहे, साखरेची नाही.”

“आणि मीठ?”

“अहो, काय परीक्षा घेताय? बरोब्बर आहे सगळं. असं सूप मी आजवर खाल्लं नव्हतं. तुम्हाला नाही आवडलं?”

हेच सूप, त्याच पातेल्यातलं, त्याने सकाळी साडेअकराला चाखलं होतं. आणि बायको चाटून पुसून वाटी साफ करत होती. आता कुणी कितीही नाकारायचं म्हटलं तरी नाकारता येण्यासारखं राहिलं नव्हतं. मावशींचा हात जिथल्या तिथे होता. गेली होती ती याची जीभ.

सरळ मार्ग एकच होता. सकाळी उठून कचेरीत फोन करायचा आणि सांगायचं, माझे शेरे चुकीचे आहेत, मी औषधावर आहे, मला चव कळत नाही. पण मग ते विचारणार, कधीपासून? आणि बाकीच्या शाखांचं काय? दोन महिने बाकीच्या एकतीस शाखांचे कागद त्याने मनाने भरले होते. त्याने दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला. तिसऱ्यांदा हातात घ्यायची त्याची छाती झाली नाही.

त्याऐवजी त्याने आडमार्ग शोधला. तिसऱ्या चाखणीला महिनाभर होता. तेवढ्यात औषध बंद केलं तर भूक परत येईल. भूक आली की जीभ येईल, जीभ आली की मावशींना नऊ गुण देता येतील, कचेरीतल्या माणसालाही सूप आवडेलच, आणि कुणाला काहीही सांगावं लागणार नाही. रविवारी न्हाणीघरात जाऊन त्याने इंजेक्शन टोचलं नाही. बायकोने बाहेरून विचारलं, घेतलंत का? तो हो म्हणाला. तिने हाश्श केलं, ते त्याला दाराआडून ऐकू आलं. त्याच्यासाठी ती किती घाबरली होती हे त्याला माहीत होतं, तरी तो हो म्हणाला, त्या रविवारी आणि पुढच्या तिन्ही रविवारी.

मावशी सूप बदलतील हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. एकोणीस वर्षांत त्यांनी कुणाचं ऐकलं नव्हतं. खुद्द मालकांनी एकदा कांदा यंत्राने चिरा म्हटलं तर मावशींनी त्यांना दार दाखवलं होतं. अशी बाई भिंतीवरच्या कागदाला भीक घालणार थोडीच.

दोन आठवडे काही झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी जाग आली ती पोटातल्या गुरगुरण्याने. तो अंथरुणात तसाच पडून राहिला. गेलेला पाहुणा परत आला होता. चौथ्या आठवड्यात तर पोटात कावळे कोकलायला लागले. उकडलेलं अंडं खाताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, अंड्याला अंड्याची चव होती म्हणून. जिन्यात पुन्हा धाप लागायला लागली तीही त्याने आनंदाने सोसली.

चाखणीच्या दिवशी तो वेळेआधी पोहोचला. कचेरीतून तिशीतली एक बाई आली होती, नीटनेटकी, कामापुरतं बोलणारी. तिने सांगितलं की तिनेही काल संध्याकाळपासून काही खाल्लेलं नाही, नियम म्हणजे नियम. दोघं कोपऱ्यातल्या टेबलावर समोरासमोर बसली. चवसाहेबाला इतकी भूक लागली होती की टेबलावरच्या मिठाच्या डबीकडेही तो प्रेमाने बघत होता. फक्त एका गोष्टीने त्याला चुटपुट लागली. रस्त्यावर आज नेहमीचा वास नव्हता. काहीतरी करपल्यासारखं येत होतं. शेजारच्या दुकानातलं असेल, असं त्याने ठरवून टाकलं.

मावशी स्वतः वाट्या घेऊन बाहेर आल्या. एरवी कधी येत नसत. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. वाट्या ठेवताना त्यांनी याच्याकडे एकदाच बघितलं आणि बोलायची मनाई म्हणून न बोलता आत गेल्या.

त्याने चमचा उचलला. रंग काळपट होता. वर लोण्याचा जाड थर. तोंडात घेतलं. आधी मीठ आलं, सणसणीत. मग साखर, चमच्याने ओतलेली, उघडी साखर. आणि त्या दोन्हींच्या खालून कांद्याचा करपट कडूपणा. एकवीस वर्षं घडवलेली त्याची जीभ पूर्ण जागी होती आणि एकेक गोष्ट वेगळी काढून त्याच्यापुढे ठेवत होती: गोडी कमी, म्हणून साखर. मीठ कमी, म्हणून मीठ. जोर नाही, म्हणून लोणी. कांदा आणखी भाजायला हवा. आपलेच शेरे तो एकापाठोपाठ एक गिळत होता.

कचेरीतल्या बाईने दोन चमचे घेतले आणि पाण्याचा पेला उचलला. तिसरा चमचा तिने नियमापुरता ओठांना लावला.

चवसाहेबाने आपल्या कागदावर दहा लिहिले. शेवटच्या प्रश्नापुढे ‘हो’ लिहिलं आणि गंमत बघा, ते खोटं नव्हतं. एवढी भूक होती की असल्या सुपाचीही आणखी एक वाटी त्याला हवी होती. बाईने त्याचा कागद वाचला, मग त्याच्याकडे बघितलं. तिचे गुण होते दोन.

“मला कळत नाही,” ती म्हणाली. “आधीच्या दोन्ही वेळा तुम्ही चार नि पाच दिलेत. आणि आज दहा?”

मग मात्र त्याने सगळं सांगितलं. औषध, पोट, आठवणीने भरलेले कागद, बायकोने आणलेलं सूप, चार रविवार. आधीचं सूप उत्तम होतं, बिघडलं ते माझ्या शेऱ्यांमुळे, या बाईंना आणखी एक महिना द्या, माझं काय करायचं ते करा, असं तो हात जोडून म्हणाला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ती दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

“तुमचं हे तुम्ही वेगळं लिहून द्या, ते मला वर कळवावंच लागेल,” ती म्हणाली. “पण आधीचं सूप मी चाखलेलं नाही. तुम्ही चाखलंत, तर म्हणताय मला चव कळत नव्हती. मग ते चांगलं होतं हे मी कुणाच्या तोंडून धरू? बायकोच्या? मला आजचं लिहायचंय, आणि आजचं मी स्वतः चाखलंय.”

तिने सरासरी काढली, सहा आली, आणि त्याची सही घेतली. त्याने सही केली. मग ती आत जाऊन मावशींशी पाचेक मिनिटं बोलली आणि मान लववून निघून गेली.

चवसाहेब स्वयंपाकघरात गेला तेव्हा मावशी पातेल्यापुढे उभ्या होत्या. गॅस बंद केलेला. भिंतीवर त्याचे दोन कागद, तेलाच्या शिंतोड्यांनी पिवळे पडलेले, आणि त्यांच्या शेऱ्यांखाली पेन्सिलीने ओढलेल्या रेघा. आता बोलायला मनाई उरली नव्हती.

“मावशी, तुमचं काही चुकलं नव्हतं,” तो म्हणाला. “चूक माझी. माझ्या तोंडाची चव गेली होती औषधाने. मला काहीच लागत नव्हतं. तुमचं सूप होतं तसंच होतं, पहिल्यापासून.”

मावशींनी हात पुसले. त्यांनी सांगितलं की पहिला कागद आला तेव्हा त्यांना हसू आलं होतं. त्यांनी सूप चाखलं, नेहमीसारखंच होतं. घरी नेऊन नवऱ्याला दिलं, तोही म्हणाला, नेहमीसारखंच आहे. पण नवऱ्याला काय, सवय. दुसरा कागद आला तेव्हा त्या रात्रभर विचार करत बसल्या. चवसाहेब दुसरी वाटी न घेता गेले, दोनदा गेले. त्यांची जीभ चुकेल का? वय झालं की तोंडाची चव जाते म्हणतात, तसं आपलंच झालं असणार. मग त्यांनी ठरवलं की आपल्या तोंडाचं ऐकायचं नाही, कागदाचं ऐकायचं. मीठ वाढवताना हात मागे यायचा, तो त्यांनी पुढे रेटला. कांदा करपतोय असं नाक सांगायचं, तर नाकाला गप्प बसवलं. महिनाभर रोज, थोडं थोडं. गिऱ्हाइकं कमी झाली तेव्हा वाटलं, नव्या चवीची सवय व्हायला वेळ लागेल लोकांना.

“तुमचंच बरोबर होतं, मावशी. देवाशपथ सांगतो.”

“नका असं सांगू, साहेब.” त्या पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघून बोलल्या. “माझ्यासाठी स्वतःवर ओढून घेताय, कळतं मला. पण नका. माझा हात गेला होता, तुम्ही सांगितलंत, मी सुधारायला बघितलं आणि जमलं नाही, हे मी सहन करीन. वय झालं म्हणून घरी बसलेल्या पुष्कळ असतात. पण चांगलं होतं आणि मी माझ्या हाताने त्याची माती केली, असं असेल तर मला घरी बसवणार नाही हो. मी काय करू मग?”

खरं पटवून दिलं तर मावशी मोडणार होत्या, आणि खोट्याच्या आधारावर त्या निदान घरापर्यंत तरी चालत जाणार होत्या. तो गप्प राहिला. त्याचं गप्प राहणं म्हणजे होकार, असं मावशींनी धरलं आणि त्यांची मान थोडी खाली आली, सुटल्यासारखी.

तेवढ्यात त्याचं पोट गुरगुरलं, दोघांनाही ऐकू जाईल एवढ्या जोरात. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी म्हणाल्या, अग बाई, उपाशी आहात की तुम्ही, आणि त्याच पातेल्यातलं सूप वाटीत काढून त्याच्या हातात दिलं, पाव दिला. तो उभ्या उभ्या खायला लागला. खारट, गोड, करपट, सगळं त्याला नीट कळत होतं, आणि तरी थांबता येत नव्हतं. पावाने वाटी पुसून घेतली तेव्हा मावशींनी पळी पुढे केली. त्याने वाटी पुढे धरली.

वाढून झाल्यावर पळीच्या टोकाला उरलेलं मावशींनी स्वतःच्या जिभेला लावलं. डोळे मिटून कितीतरी वेळ तोंडात घोळवलं. पुन्हा एक थेंब घेतला. मग डोळे उघडले.

“मला आता काहीच कळत नाही,” त्या म्हणाल्या. “बरं आहे की वाईट, काहीच नाही. तुम्ही सांगा ना, कसं झालंय?”

त्याच्या तोंडात घास होता. तो चावत राहिला, आणि मावशी पळी हातात धरून त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.